सगळ्या बसचा उपास

आमच्या घरात भांड्यांच्या दोन फळ्या होत्या. वरच्या फळीवर दुधाची भांडी आणि खालच्या फळीवर मटणाची. खालच्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला आईने नखांना लावायच्या लाल रंगाचा ठिपका देऊन ठेवला होता. हा लाल रंग आईने आयुष्यात कधी नखांना लावला नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून वर आलेले, घरात मराठी बोलणारे यहुदी. मटण आणि दूध एकत्र शिजवायचं नाही, एका जेवणात खायचं नाही, एका भांड्यात तर नाहीच नाही. ज्या दिवशी मटण असेल त्या दिवशी जेवणानंतर काळा चहा, आणि सणाचं गोड करायचं ते नारळाच्या दुधात. मटणसुद्धा बाजारातलं चालत नसे. आपल्या माणसाने, आपली प्रार्थना म्हणून कापलेलंच हवं, आणि असा माणूस पुण्याच्या अलीकडे कुणी नव्हता. त्यामुळे लाल ठिपक्याची भांडी वर्षातून चार-सहा वेळाच चुलीवर चढत आणि बाकीचे दिवस आई ती नुसतीच घासायला लावून, पुसून परत ठेवत असे. याचा मला तेव्हा फार राग यायचा, कारण घासायचं काम माझं होतं.

बाबा माळेगावला साखर कारखान्यात केमिस्ट होते आणि आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो. पहाटेच्या भोंग्याने जाग यायची. सीझनमध्ये उसाच्या बैलगाड्यांची रांग कॉलनीच्या कुंपणापर्यंत लागायची आणि मळीचा तो गोड आंबट वास वाळत घातलेल्या कपड्यांत जाऊन बसायचा. आजही मला तो वास आवडतो, हे मी पुण्यातल्या माझ्या सुनेला सांगते तेव्हा ती माझ्याकडे संशयाने पाहते. शुक्रवारी संध्याकाळी भोंगा झाला की आई काचेच्या पेल्यांत पाणी आणि वर तेल घालून दिवे लावायची. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून केलेलं सरबत बाबा हातात धरून प्रार्थना म्हणायचे. मग शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत आमच्या घरी चूल पेटत नसे. साऱ्या परिसरात असं घर आमचं एकटंच.

शेजारी हिराकाकू राहायच्या. माहेर कन्हेरीचं, घरचा ऊस, आणि नवरा कारखान्यात ट्रॅक्टरवर. अंगाने धिप्पाड, आवाज त्याहून. मुलांवर ओरडल्या तर रस्त्यापलीकडची मुलं अभ्यासाला बसत. दहा वर्षांच्या शेजारात त्यांनी आमच्या घरातलं सगळं नुसतं बघून शिकून घेतलं होतं. दूध द्यायला आल्या की वरच्या फळीवरचंच भांडं मागायच्या. आईला ताप आला तेव्हा स्वयंपाकाला आल्या, पण काडी ओढायला मला हाक मारली. "तुमच्यात चूल घरच्यानंच पेटवायची असती," म्हणाल्या. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मात्र हे सगळं आम्ही का करतो, याबद्दल त्यांनी आपल्या मनाशी काय समजूत करून घेतली होती, ते कळायला मला एक सहल लागली.

त्या उन्हाळ्यात सॉलोमनमामा आले. आईचे थोरले भाऊ. आईचे वडील लवकर गेले, तेव्हा मामांनीच तिला वाढवलं, लग्न लावून दिलं आणि मग मामींना घेऊन ते इस्राएलला निघून गेले. मामी वारल्यानंतर ते पहिल्यांदाच आले होते. उंच, ताठ, पांढऱ्या शर्टाची सगळ्यात वरची गुंडीही लावणारे. त्यांना स्वतःला कापणं येत होतं, म्हणून ते आल्याबरोबर हिराकाकूंनी माहेरून दोन कोंबडे आणवले आणि खालची फळी चार दिवस रिकामी राहिली. पण मामा कोंबडा खायला आले नव्हते. ते मला न्यायला आले होते.

हे त्यांनी पत्रातून आधीच कळवलं होतं आणि आई-बाबांनी माझ्यापासून लपवलं होतं. मी पंधरा वर्षांची, दहावीला जाणारी. मामांचं म्हणणं असं की तिथं शिक्षण होईल, आपल्यातला मुलगा मिळेल, इथं काय आहे? बाबा मान हलवत होते. त्यांना मामांचं पटत होतं की ते फक्त भिडेखातर गप्प होते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आईची अडचण वेगळी. ज्या भावाने बापाच्या जागी उभं राहून सगळं केलं, त्याला नाही कसं म्हणायचं? ती मान खाली घालून लसूण सोलत राहिली. मी मात्र दाराआडून सगळं ऐकत होते. मला जायचं नव्हतं. माझ्या मैत्रिणी इथं होत्या, माझी सायकल इथं होती, आणि आईशिवाय मला झोप येत नव्हती, हे पंधराव्या वर्षी कुणाला सांगायची सोय नव्हती.

"घरात तू सांभाळतेस, सारा, ते मी पाहतो आहे," मामा म्हणाले. "पण ही पोरगी उद्या घराबाहेर पडेल. बाहेर पाऊल टाकलं की काय खाणार? कुणाच्या हातचं?"

आईने लसूण खाली ठेवला. "दादा, परवा रविवारी आमच्या महिला मंडळाची सहल आहे. तू चल. बघ आम्ही बाहेर पडून काय खातो."

हे ती रागात बोलून गेली. मामांनी लगेच होकार दिला आणि मग दोन दिवस आईचा जीव टांगणीला लागला.

सहल होती ती इंदापूरच्या पुढे, हायवेला लागून नव्यानेच झालेल्या बागेत. बाग म्हणायचं म्हणून बाग. आत पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणा, फिरत्या कपबशा, भुताचं घर, असं सगळं होतं. कारखान्याचा पट्टा पडला होता, म्हणजे गाळप संपलं होतं, त्यामुळे बायकांना जरा उसंत होती. एक एसटी ठरवली. तिकिटातच दुपारचं जेवण होतं आणि त्या जेवणात काय काय आहे याची चर्चा कॉलनीत महिनाभर चालली होती. पुऱ्या, पुलाव, चिकन, गुलाबजाम. हिराकाकूंनी तर आदल्या रात्री जेवायचंच टाळलं होतं, म्हणजे जागा राहील. आईने पहाटे उठून नारळाच्या दुधातली कोंबडी आणि पोळ्या केल्या आणि लाल ठिपक्याच्या डब्यात भरल्या. वाटेत लासुर्ण्याला चहासाठी बस थांबली तेव्हाही तिने तो डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

बागेच्या दारावरच्या रखवालदाराने पहिल्यांदा तोच पाहिला.

"ताई, भायरचं खाणं आत न्हाय न्यायचं. हितं ठिवा, बिल्ला घ्या, जाताना परत."

आज हे सिनेमापासून मॉलपर्यंत सगळीकडे आहे आणि मी निमूटपणे पर्समधले शेंगदाणे काढून देते. पण तेव्हा असा काही नियम असू शकतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. डब्यावर पाणी सोडून आई आत आली. हातात पत्र्याचा बिल्ला आणि चेहरा असा, की मला तिच्याकडे बघवेना. मामांनी बिल्ल्याकडे पाहिलं आणि ते पुढे चालू लागले. ते रागावले असते, तर बरं वाटलं असतं.

दुपारपर्यंतचा वेळ बरा गेला. नऊवारीतल्या बायका घसरगुंडीवरून देवाचं नाव घेत खाली येत होत्या. हिराकाकू कपबशीत बसल्या आणि ती थांबल्यावर बाहेर येऊन झाडाला धरून उभ्या राहिल्या. मग जेवणाची घंटा झाली. पाटीवर एका बाजूला शाकाहारी, दुसऱ्या बाजूला मांसाहारी असं लिहिलं होतं. आई घाईघाईने म्हणाली, "दादा, आपण शाकाहारी बाजूला बसू." मामा उठले आणि सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. मीही मागून गेले. आत एकच मोठी कढई होती. ज्या तेलातून चिकनचे तुकडे बाहेर येत होते, त्याच तेलात पुऱ्या पडत होत्या. पुलावाचं पातेलं एकच, त्यातला अर्धा पुलाव आधी बाजूला काढून शाकाहारी म्हणून ठेवला होता.

मामा परत आले. शांतपणे म्हणाले, "सारा, मी बाहेर जातो. डबा घेतो आणि रस्त्याच्या कडेला बसून खातो. मिर्याम, तू पण चल."

रखवालदाराने सकाळीच सांगितलं होतं, एकदा बाहेर पडलं की परत आत नाही. पण तेवढाच प्रश्न नव्हता. माझी सगळी कॉलनी आत गुलाबजाम खाणार आणि मी दाराबाहेर उन्हात बसून आमचा डबा खाणार, हेच तर मामांना आईला दाखवायचं होतं. इथं राहिलीस तर जन्मभर हेच. मी त्यांच्या मागे निघाले, तर पुढचं बोलणं संपल्यातच जमा होतं. मी आईकडे पाहिलं. तिने मान फिरवली. ती रडत होती. मी चपला घातल्या.

"कुठं निगाला पाव्हणं?" हिराकाकू ताट घेऊन रांगेत उभ्या होत्या, तिथूनच ओरडल्या. आईने जाऊन त्यांच्या कानात चार वाक्यं सांगितली. काकूंनी एकदा त्या वाफाळत्या चिकनकडे पाहिलं, एकदा माझ्या चपलांकडे. मग ताट परत चळतीवर ठेवलं आणि आपल्या त्या आवाजात विचारलं, "मॅनेजर कोन हाय हितं?"

टाय लावलेला एक तरुण पुढे आला.

"आमचा उपास हाय. उपासाचं काय केलंय?"

"उपास? किती जणांचा?"

"समद्या बसचा."

रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीच्या ताटात गुलाबजाम पडलेला होता. तिने तो हळूच परत पातेल्यात सोडला.

"मावशी, आज रविवार. रविवारी कसला उपास?"

"सूर्यनारायणाचा. तुला ठावं न्हाय व्हय? घरी जाऊन आईला इचार. आनि ह्या असल्या भांड्यातलं चालायचं न्हाय. नवं पातेलं काढ. येक बी डाव ह्यात बुडालेला नगं."

त्या तरुणाची अवस्था बघण्यासारखी झाली. बसभर बायकांचा उपास आपल्या हातून मोडला तर काय, ही भीती त्याला आमच्या कुणाहीपेक्षा जास्त वाटली असावी. त्याने कोठीतून कंपनीचा कागद चिकटलेली दोन पातेली काढली आणि इंदापूरच्या बाजारात माणूस पिटाळला. साबुदाणा भिजवायला वेळ नव्हता, म्हणून भगर, शेंगदाणे, आमसूल, गूळ आणि हिरव्या मिरच्या आल्या. मागच्या अंगणात वेगळी शेगडी मांडली. हिराकाकूंनी पदर खोचला आणि पातेल्यावरचा कागद स्वतः ओला करून खरवडून काढला. मग त्यांनी काडेपेटी मामांच्या हातात दिली.

"घ्या. तुमी पेटवा."

मामा काडेपेटीकडे बघतच राहिले. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोन सांगतंय? धा वर्सं शेजारी ऱ्हाते की."

मामांनी काडी ओढली. भगर शिजली, दाण्याची आमटी झाली. आमसुलाचा वास आल्यावर मामा बसल्या जागी जरा पुढे सरकले, कारण काही झालं तरी माणूस कोकणातला. पत्रावळी मांडून सगळी बस त्या अंगणात जेवायला बसली. पंधरा पावलांवर चिकन, पुऱ्या, पुलाव आणि गुलाबजाम तसेच मांडलेले, आणि मॅनेजर आमच्यात उभा राहून जातीने वाढत होता, त्यामुळे एकीलाही तिकडे फिरकायची सोय राहिली नव्हती. त्या दिवशी हिराकाकूंना किती बायकांनी मनातून शिव्या घातल्या असतील, ते सूर्यनारायणालाच ठाऊक. एक बाई हात धुवायच्या निमित्ताने उठली आणि पुरी पदराखाली घेऊन आली, तर काकूंनी नुसतं "ए" म्हटलं. पुरी कुत्र्याला गेली. मामांनी मात्र तीनदा भगर मागून घेतली. आई त्यांना वाढत होती आणि तिचे डोळे अजून ओले होते, पण हसू आवरत नव्हतं. मी इतकी जेवले की मला परत घसरगुंडीवर जाता आलं नाही.

जेवणं झाल्यावर मॅनेजर अगदी अजिजीने विचारायला आला. तुमचं तिकिटातलं काहीच तुम्ही घेतलं नाही, निदान आइस्क्रीम तरी उपासाला चालेल का? सगळ्या बायकांच्या माना एकदम हिराकाकूंकडे वळल्या, आणि हिराकाकूंची मामांकडे.

"पाव्हणं, चालंल का?"

मला हे आठवलं की अजून हसू येतं. मामा हिब्रू शाळेच्या परीक्षेला बसल्यासारखे गंभीर झाले. त्यांनी आइस्क्रीमचा कप मागवला, चष्मा काढून त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचली, उलटा करून बूड पाहिलं. सगळं अंगण श्वास रोखून बसलेलं. मग ते म्हणाले, "तुम्हाला चालेल."

केवढा गलका झाला! स्वतः मामांनी ते खाल्लं नाही. शेवटपर्यंत कडकच.

परतीला बस अंधारायच्या आतच निघाली होती. दोन्ही बाजूंना पाटाच्या पाण्याने हिरवीगार शेतं, आणि बसमध्ये निम्म्या बायका पेंगत होत्या. हिराकाकू पुढच्या बाकावरून मागे वळल्या आणि आईला हळू आवाजात, म्हणजे ड्रायव्हरला ऐकू जाईल अशा, विचारलं, "वैनी, किती वर्सं इचारीन म्हनते. तुमच्या लोकांचा हा उपास सुटनार कवा?"

तेव्हा आम्हाला उलगडा झाला. दोन फळ्या, बंद चूल, काळा चहा, बाजारचं मटण वर्ज्य, हे सगळं पाहून काकूंनी दहा वर्षं असं धरलं होतं की आमच्या सगळ्या जातीनेच कधीतरी कुठल्यातरी देवाला बोललेला एक लांबलचक उपास चालू आहे आणि तो अजून पुरा व्हायचा आहे. सूर्यनारायण सोडला, तर मॅनेजरला त्या खोटं बोलल्याच नव्हत्या. ज्या घराचा उपास, त्याच्या सोबतीला बसायचं, एवढंच त्यांनी केलं होतं. आईने तोंडावर पदर धरला. मामा आता काकूंना सगळं नीट समजावून सांगणार, आम्हाला हे नियम देणाऱ्या मोशेपासून सुरुवात करणार, असं मला वाटलं. त्यांनी तोंड उघडलंही. मग म्हणाले, "अजून बराच बाकी आहे, हिराबाई."

"असू द्या, असू द्या," काकू म्हणाल्या आणि झोपून गेल्या.

थोड्या वेळाने मामा उठून माझ्या शेजारी येऊन बसले. "मिर्याम, तिथं सगळंच आपलं आहे," ते म्हणाले. "कुठल्याही दुकानात जा, काहीही उचल, विचारायला नको. त्यामुळे माझ्यासाठी कुणाला काही करावं लागत नाही. मी काय खाल्लं, खाल्लं की नाही, हे तुझी मामी गेल्यापासून मला कुणी विचारलेलं नाही." मग म्हणाले, "मी तुझ्या आईला धर्माचं सांगत होतो. खरं म्हणजे मला वाटलं होतं, तू आलीस तर कुणीतरी विचारेल."

मी त्यांचा हात धरला. तो हात कोरडा आणि हलका होता.

"तू राहा इथंच," ते म्हणाले. "मी सांगतो तुझ्या बाबांना."

मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि मी लासुर्ण्यापासून माळेगावपर्यंत रडत होते. मामांनी शब्द पाळला. चार दिवसांनी बारामतीच्या स्टँडवरून ते गेले. त्याच रात्री मी त्यांना पत्र लिहायला बसले. पंधराव्या वर्षी मामाला काय लिहायचं असतं? मी एकच ओळ लिहिली: मामा, या आठवड्यात काय काय जेवलात ते कळवा.

उत्तर यायला महिना लागला. त्यांचं ते ताठ, उभं अक्षर. मायना नाही, खुशाली नाही, नुसते वार घालून लिहिलं होतं. रविवारी मसुराची आमटी. सोमवारी अंडं आणि पाव. मंगळवारी काही नाही, कंटाळा केला. बुधवारी तुझं पत्र आलं, म्हणून मासा तळला.